फुलं मिटल्यावर

भोपळ्याचं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलून टाकायच्या, आत उरलेला पिवळा दांडा मादी फुलाच्या तोंडात हलक्या हाताने फिरवायचा आणि पुढच्या वेलाकडे सरकायचं. मध्येच कंबर सरळ करायची नाही. उन्हं वर आली की फुलं मिटतात. मग कितीही कपाळ बडवलं तरी त्या फुलाला फळ धरत नाही. म्हणून अजून नीट दिसायलाही लागलेलं नसायचं तेव्हाच बायकांची रांग मळ्यात उतरायची. दव पडलेलं असायचं. वेलाची लव हाताला करवतीसारखी लागायची, आणि घरी जाऊन पीठ मळायला घेतलं की कोपरापर्यंत आग आग व्हायची.

"चला गं माश्यांनो, लागा गुणगुणायला," मुकादम रोज म्हणायचा. रोज तोच विनोद. बायका रोज हसायच्या, कारण मुकादमाच्या विनोदाला हसलं की पाणी प्यायला जरा जास्त वेळ मिळायचा. हसायची नाही ती एकटी गांधील.

गांधील हे काही तिचं नाव नव्हतं. लग्न होऊन आली त्याच वर्षी विहिरीवर कुणाशी तरी जुंपली, आणि तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तिलाही ते आवडायचं. निदान लोक जवळ यायला बिचकायचे.

तिच्या सासरची माणसं मोहोळं उतरवणारी. गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी त्यांची वस्ती. कोणत्या कड्यावर माश्या कधी येतात, कोणत्या झाडाच्या ढोलीत बारक्या माश्यांचं घर आहे, कुठली फुलं सरली की त्या उठून जातात, हे तिथली पोरं दुधाच्या दातांबरोबर शिकायची. मग डोंगराला तारेचं कुंपण पडलं. आत जायला बंदी आली. कड्यावरून उतरायचे दोर आढ्याला लटकले आणि उंदरांनी खाल्ले. तिचा नवरा, ज्याच्या अंगावर माशी नुसती फिरून जायची पण डसायची नाही असं लोक सांगायचे, तो मालकाच्या मळ्यात फवारणीचा पंप पाठीवर घ्यायला लागला.

दोघं एकाच मळ्यात. पलीकडच्या पट्ट्यात तो औषध मारायचा, अलीकडच्या पट्ट्यात ती फुलं घासायची. तो माश्या मारायचा म्हणून तिला माश्यांचं काम मिळायचं. हे वस्तीत सगळ्यांना कळत होतं, पण बोलत कुणी नव्हतं. चूल दोघांच्या कामावर पेटत होती.

त्या दिवशी वाऱ्याने दिशा बदलली. औषधाचा उग्र, गोडसर वास रांगेवर आला. बायकांनी पदर नाकाला लावले. गांधीलने एका पानाखाली हात घातला आणि काढून घेतला. खाली मातीत माश्या पडल्या होत्या. पाच-सहा तर जिवंत होत्या, उलट्या पडून स्वतःभोवती गरगरत होत्या. बाकीच्या निपचित. प्रत्येकीची जीभ बाहेर आलेली. मांड्यांना परागाचे पिवळे गोळे तसेच चिकटलेले. घरी न्यायचे राहून गेलेले.

ती उठून उभी राहिली. पलीकडे नवरा पाठमोरा चालला होता. पंपाच्या दट्ट्याचा आवाज येत होता, कचक, कचक, कचक. त्याच्या सदऱ्यावर पाठीवर निळा डाग पडला होता, तो धुऊन कधी गेला नव्हता.

"काय गं, मुळं फुटली का तुला?" मुकादम ओरडला.

ती खाली बसली. पुढचं फूल तोडताना तिने ते देठासकट चिरडलं.

त्याच दुपारी शाळेच्या बाई वस्तीवर आल्या. बाई नव्या होत्या, वयाने लहान, चालून चालून घामाघूम झाल्या होत्या. गांधीलने पाणी दिलं. बाईंनी पदराने चेहरा पुसला आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"ताई, मुलांना फुलं आणि माश्या शिकवायच्या आहेत. पुस्तकात चित्र आहे. पण चित्रातली माशी मुलांनी पाहिलेलीच नाही. तुमच्या लोकांना यातलं सगळं माहीत असतं असं ऐकलं. याल का वर्गात?"

सासू भिंतीला टेकून बसली होती. गांधीलने तोंड उघडायच्या आत म्हातारी बोलली. "आमची पोरं शाळेत घालायला नेली, तेव्हा धुराचा वास येतो म्हणून मागच्या बाकावर बसवली. आता तोच धूर शिकायचाय होय?"

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाल्या, "तेव्हा मी नव्हते, आजी. पण झालं ते वाईटच झालं."

"जाऊ नकोस गं," म्हातारी सुनेला म्हणाली. "डोंगर दाखवला, डोंगर गेला. आता उरलंय ते डोक्यात. तेवढं तरी राहू दे. शिकवलं की ते त्यांचं होतं."

एरवी गांधीलने सासूचं ऐकलं असतं. पण तिच्या डोळ्यांपुढे सकाळच्या त्या जिभा होत्या, आणि आतून काहीतरी उकळत होतं. कुणावर तरी ओतल्याशिवाय ते थंड होणार नव्हतं.

"येते," ती म्हणाली. "पण वर्गात नाही. पोरांना सकाळी बांधावर आणा. फुलं उघडी असतात तेव्हा."

त्या सकाळी ती रांगेत गेली नाही. पोरं आली. डोळे चोळत, एकमेकांना ढकलत, पन्नास भानगडी करत बांधावर ओळीने उभी राहिली. मालकाची नातही होती त्यांत, दोन वेण्यांची, सारखे प्रश्न विचारणारी. गांधीलला आधी बोलता येईना. आयुष्यभर तिने आवाज चढवला होता तो भांडायला. शिकवायला कोणता आवाज लागतो ते तिला ठाऊक नव्हतं. मग तिने दोन फुलं तोडली आणि एकेक हातात धरलं.

"यातली बाई कोणती, सांगा बघू."

पोरं खिदळली. दोन वेण्यांची पोरगी पुढे आली. "ही. हिच्याखाली एवढासा भोपळा आहे."

"हुशार आहेस. आता हा एवढासा भोपळा मोठा होणार का?"

"हो!"

"नाही. आधी याची पूड तिच्यापर्यंत गेली पाहिजे. नाही गेली तर हा पिवळा पडतो, कुजतो, गळून जातो. कोण नेतं ती पूड?"

मग तिला थांबायचंच सुधरेना. बांधाच्या उघड्या मातीत सळईने टोचल्यासारखी भोकं होती, ती तिने दाखवली. आत एकेकट्या राहणाऱ्या माश्या असतात, म्हणून तिच्या सासूच्या माणसांनी बांधाचा तेवढा भाग कधी खणला नाही. वाळलेली फांदी दाखवली, तिला काळ्या भुंग्याने पाडलेलं गोल भोक. अशी फांदी जळणाला तोडायची नाही, मग चूल एक दिवस उपाशी राहिली तरी चालेल. आणि सगळ्यात मोठा नेम सांगितला, जो तिला सासूने लग्नानंतर पहिल्या महिन्यात कान पिळून शिकवला होता: माशी फुलावर असते त्या वेळी तिच्या वाटेत धूर करायचा नाही.

"धूर म्हणजे औषधपण का?" दोन वेण्यांच्या पोरीने विचारलं.

पलीकडच्या पट्ट्यात दट्ट्या कचकचत होता. पोरांनी माना वळवून तिकडे पाहिलं.

"औषधपण," ती म्हणाली.

"मग औषध कधी मारायचं?"

"संध्याकाळी. फुलं मिटल्यावर. माश्या घरी गेल्यावर."

एवढंच. यात आकाश कोसळण्यासारखं काही नव्हतं. पण त्या दिवशी दुपारी मालकाच्या घरी पानं वाढली गेली आणि नातीने भरल्या घरात आजोबांना विचारलं, "तुम्ही सकाळी माश्यांना का मारता?" पाहुणे बसलेले होते. पाहुणे हसले. मालक हसला नाही.

दुसऱ्या दिवशी मुकादमाने दोघांनाही फाटकातच अडवलं. नवऱ्याला कळेना काय झालं. "पंप कुठाय?" तो म्हणाला. पंप दुसऱ्याच कुणाच्या तरी पाठीवर होता.

मालक अंगणात खुर्ची टाकून बसला होता. त्याने दोघांना उभंच ठेवलं. समोर नोकर शेणाने भरलेले बूट धूत होता. ते धुऊन होईपर्यंत मालक बोलला नाही.

"मला शेती शिकवतेस?"

"पोरांना शिकवलं, मालक. बाईंनी बोलावलं म्हणून."

"संध्याकाळी फवारणीला माणूस कोण देणार? तुझा बाप? संध्याकाळी वारा सुटतो, कंदील घेऊन फिरायचं का मळ्यात? या सगळ्याचा विचार केलाय मी. माझं आयुष्य यात गेलंय." त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "माझ्या नातीच्या तोंडून मला खुनी म्हणवलंस तू. शाळेच्या समितीचा अध्यक्ष आहे मी. सोमवारी वर्गात जायचं आणि सांगायचं, मी बोलले ते खोटं. मी तिथे बसलेला असेन. मग दोघांनीही कामावर या."

"आणि नाही सांगितलं तर?" गांधीलने विचारलं.

मालकाने तिच्याकडे न बघता नवऱ्याकडे बघितलं. "हिला घरी घेऊन जा रे."

घरी नवरा पेटला. तो फार बोलणारा माणूस नव्हता, त्यामुळे बोलायला लागला की शब्द धडपडत यायचे. "मी मारतो औषध. मी! पोरांपुढे माझ्याकडे बोट दाखवलंस. माझ्याकडे!"

"तुमच्याकडे नाही दाखवलं. वेळेकडे दाखवलं."

"पोरांना तो फरक कळतो? काल वाटेत एकाने मला विचारलं, काका, तुम्ही किती मारल्या." त्याला खोकल्याची उबळ आली. खोकून खोकून तो वाकला. गांधील पाणी घेऊन गेली. त्याने तांब्या हाताने बाजूला सारला, मग पुन्हा स्वतःच उचलून प्यायला. "दोन वाक्यं आहेत. म्हणून टाक. जिभेला काय हाड असतं?"

"मी सांगितलेलं खोटं आहे का?"

"खरं असून काय करू त्याचं? पाठीला बांधू?"

तिने सासूकडे पाहिलं. म्हातारी पायाची बोटं चोळत राहिली. मी म्हटलं नव्हतं का, असंही म्हणाली नाही. गांधीलला त्याचाच जास्त राग आला.

सोमवारी वर्गात खुर्ची ठेवलेली होती. मालक तीवर बसला, काठी गुडघ्यांमध्ये. बाई फळ्याजवळ उभ्या होत्या, पांढऱ्या पडलेल्या. नवरा आत आला नाही. खिडकीबाहेर उभा राहिला. मागच्या मोठ्या फळ्यावर पोरांनी रंगीत खडूंनी सगळा धडा चितारला होता. उघडं फूल, मिटलेलं फूल, एवढासा भोपळा, बांधातली भोकं, भुंग्याची फांदी, आणि डोंगराआड जाणाऱ्या सूर्यापुढे पाठीवर पंप घेतलेला एक माणूस. त्या माणसाला मोठ्या मिशा काढल्या होत्या. तिच्या नवऱ्याला मिशा नव्हत्या, पण माणूस तोच होता.

"बोल," मालक म्हणाला.

गांधील पोरांसमोर उभी राहिली. "परवा मी तुम्हाला सांगितलं..." तिचा आवाज बसला.

"मोठ्याने."

"परवा मी बांधावर सांगितलं ते खोटं होतं."

कुणाच्या तरी नाकात शेंबूड वाजला.

"झालं," मालक म्हणाला आणि नातीकडे वळला. "जा, पूस तो फळा."

पोरगी उठली. डस्टर घेतलं. फळ्यासमोर उभी राहिली आणि मागे वळली. "कुठलं पुसू?"

"खोटं आहे ते."

"हे खोटं आहे?" तिने एवढ्याशा भोपळ्यावर बोट ठेवलं.

"ते नाही," मालक म्हणाला. "ते बरोबर आहे."

"मग हे? माशी पूड नेते ते?"

"तेही राहू दे."

मागच्या बाकावरून एक पोरगा उठला. "भोकं पुसायची का? मी काढलीत. पण भोकं खरीच होती, मी बोट घालून बघितलं."

"औषधाने माश्या मरतात, ते पुसू?" दुसरी एक पोरगी म्हणाली. तिचा कुणाला चिडवायचा हेतू नव्हता. तिला फळा स्वच्छ हवा होता, एवढंच.

औषध मालकानेच आणलं होतं, ते मारतं म्हणूनच आणलं होतं; मारत नाही असं कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याने काठीची जागा बदलली. "ती संध्याकाळ पूस," तो म्हणाला. "तो सूर्य."

पोरगी टाचा उंचावून सूर्यापर्यंत पोहोचायला बघू लागली. हात पोहोचेना. तिने गांधीलकडे पाहिलं. "मावशी, सूर्य खोटा होता का?"

तेव्हा गांधीलचं डोकं फिरलं. मुकादमाला न हसता काढलेली सगळी वर्षं, मागचा बाक, तारेचं कुंपण, अंगणात धुतले जाणारे बूट, सगळं एकदम उसळून आलं.

"काही पुसू नकोस," ती म्हणाली. "मी आत्ता बोलले ते खोटं. मला बोलायला लावलं म्हणून बोलले. माझ्या घरची चूल यांच्या हातात आहे म्हणून बोलले. परवाचं सगळं खरं होतं. फुलं मिटल्यावर मारायचं, याहून साधं काय असतं? आणि हे ज्याला जमत नाही त्याने निदान पोरांना खोटं शिकवायला माणसं पाठवू नयेत!"

मालक उठला. खुर्ची मागे पडली. दारातून जाताना तो खिडकीबाहेरच्या नवऱ्याला म्हणाला, "तू उद्या ये कामावर. ही मळ्यात दिसता कामा नये."

नवरा दुसऱ्या दिवशी गेला. तो तिच्याशी बोलत नव्हता, आणि तीही त्याच्याशी. गांधील सडकेच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. हातोडीने तळहाताला फोड आले, ते फुटले, पुन्हा आले. प्रत्येक दगडात तिला कुणाचं तरी तोंड दिसायचं. कधी मालकाचं. कधी नवऱ्याचंही.

मग एके दिवशी नवरा दुपारी घरी होता. "आज नाही गेलात?" तिला विचारावं लागलं.

"संध्याकाळी जायचंय." तो कौलांकडे बघत म्हणाला. "फवारणी आता संध्याकाळी. मालक म्हणतो, सकाळी वारा फार असतो."

हसावं की थुंकावं तेच तिला कळेना. नात आजोबांशेजारी जेवायला बसत नव्हती असं मुकादम सांगत फिरत होता. खरं-खोटं तोच जाणे. थोड्याच दिवसांत मालक पाहुण्यांना मळा दाखवताना म्हणू लागला, "आमच्याकडे फुलं मिटल्यावरच मारतो आम्ही. माझी पद्धत आहे ती." म्हातारीच्या कानावर ते आलं तेव्हा तिने फक्त सुनेकडे पाहिलं आणि कूस बदलली.

आणि माश्या आल्या. डोंगरावर त्या होत्याच. तारेचं कुंपण त्यांना अडवत नव्हतं. आधी तुरळक, मग रोज, मग इतक्या की सकाळी मळ्यातून घुमल्यासारखा आवाज यायचा. फळ असं धरलं की वेल दिसेनात.

त्यानंतर बायका दारात आल्या. रांगेतल्या सगळ्या. पुढे होती ती, मुकादमाच्या विनोदाला सगळ्यात जास्त हसणारी.

"मुकादमाने घरी बसवलं आम्हाला. फुलं घासायची गरज नाही म्हणे, माश्या करतात." तिचा आवाज चिरकला. "खूश झालीस? तुझ्या माश्यांनी आमच्या तोंडचा घास काढला. तू तर गेलीसच, आम्हालाही घेऊन गेलीस."

गांधील उंबऱ्यातच उभी होती. बाई म्हणत होती ते खरं होतं. तिने हा विचारच केला नव्हता. शरम आली, आणि शरमेच्या मागोमाग राग. पण या वेळी तो कुठे न्यायचा ते तिला नेमकं दिसलं.

"भोपळे किती लागलेत?" तिने विचारलं.

"मोजता येत नाहीत इतके."

"मग ते उचलणार कोण? माश्या?"

बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"परगावची टोळी येणार आहे म्हणे तोडणीला," एक जण म्हणाली.

"चला," गांधील म्हणाली आणि तशीच अनवाणी निघाली.

फाटकाशी त्या पोहोचल्या तेव्हा मालक आत वेलांमध्ये उभा होता. सकाळ होती, पंप मारायची वेळ नव्हती. तिचा नवरा टाकीत पाणी भरत होता. बायकांना बघून मुकादम धावत आला, पण गांधीलने त्याच्या डोक्यावरून आवाज दिला. "मालक! माश्या फुकट राबल्या तुमच्यासाठी. फळ दुप्पट लागलंय. तोडणी आमची. बाहेरची टोळी येऊ देणार नाही. गाडी आली तर आम्ही वाटेत बसू, सगळ्या."

मागून कुणीतरी म्हणालं, "बसू." मग आणखी कुणी.

मालक जवळ आला. त्याने बायकांच्या तोंडांकडे पाहिलं, मग मळ्याकडे, मग सडकेकडे. वाटेत गाडी अडली तर फळ उन्हात सडणार, हा हिशेब करायला त्याला कुणाची शिकवणी नको होती.

"ठीक आहे," तो म्हणाला. "तोडणी यांची. हिची सोडून. हिने फाटकाच्या आत पाय टाकला तर एकीलाही काम नाही."

सगळ्या थबकल्या. गांधील कुणाकडे बघत नव्हती. हिच्याशिवाय आम्हीही नाही, असं त्यांनी म्हणावं असं तिला वाटत होतं, आणि त्या म्हणणार नाहीत हेही तिला ठाऊक होतं.

पुढची बाई आधी हलली. गांधीलजवळून जाताना तिने क्षणभर तिचं मनगट दाबलं आणि आत गेली. मग दुसरी. मग बाकीच्या, मान खाली घालून, पदर सावरत. आत टाकीपाशी नवऱ्याने हातातली बादली खाली ठेवली. तो फाटकाच्या दिशेने दोन पावलं आला, थांबला. मग पुन्हा बादली उचलली.

मुकादमाने फाटक लावलं.

गांधील घरी गेली नाही. ती तशीच तरातरा चालत शाळेत गेली. पाय भाजत होते, डोळे भाजत होते. वर्ग चालू होता. ती दारात उभी राहिली तशी पोरं वळली, बाईंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं.

"ताई? काय झालं?"

"शिकवायचंय," ती म्हणाली. तिचा श्वास लागला होता.

बाईंनी तिचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता खडू पुढे केला. गांधीलने तो घेतला नाही. ती पोरांसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. बाकांवरची पोरं एकेक करत खाली उतरली आणि तिच्याभोवती सरकली. दोन वेण्यांची पोरगी अगदी पुढे, गुडघ्याला गुडघा लावून.

"आज काय, मावशी?"

"आज पोळं कसं उतरवायचं ते," गांधील म्हणाली. शिकवायला कोणता आवाज लागतो, ते आता तिला कळलं होतं. "नीट ऐका. सगळं ओरबाडून न्यायचं नसतं. कितीही हाताशी असलं, कितीही कुणी विचारणारं नसलं, तरी नाही. कुठवर कापायचं आणि कुठे हात थांबवायचा, ते आधी शिकायचं. मध नंतर."

तिने दोन्ही हात हवेत धरले, पोळ्याएवढं अंतर ठेवून, आणि कुठे थांबायचं ते दाखवायला सुरुवात केली.